आषाढातली पंगत

थंड मुलखांत पाखरांना खाऊ घालायचे दिवस म्हणजे डिसेंबर-जानेवारी. लंडनला तेव्हा दिवस जेमतेम आठ तासांचा. उरलेले सोळा तास अठरा-वीस ग्रॅमच्या पाखरानं अंगातली चरबी जाळत काढायचे आणि सकाळी वजनाचा जवळपास दहावा हिस्सा गमावून उठायचं. म्हणून तिथली माणसं अंगणात चरबीचे गोळे टांगतात. पणजीत मात्र पौषातली पहाटही २० अंशांच्या आसपास. स्वेटर घालणारे असतात, पण हौसेनं. भातकापणी नुकतीच झालेली, मळणीचा दाणा सांडलेला, किडे मुबलक. अशा दिवसांत दाणे टांगणं म्हणजे जेवून उठलेल्याला पुन्हा पाटावर बसवणं.

इथली तंगी आषाढातली. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जून-जुलैतच उरकतो. चार-चार दिवसांची झड लागली की किडे उडत नाहीत आणि फुलातला मध पाणी मिसळून वाहून जातो. सात-आठ ग्रॅमच्या शिंजिराला दुपारचं जेवण चुकवणं परवडत नाही. दिवस तेरा तासांचा असतो खरा, पण निम्मा पावसानंच खाल्लेला.

झडीतला शिपाई बुलबुल खिडकीतून नीट बघण्यासारखा असतो. रिमझिम असली तर पिसं फुगवून गोळा होऊन बसतो. सर जोरात आली की तोच एकदम सडपातळ होतो: पिसं अंगाला चापून, मान ताठ, चोच तिरकी आभाळाकडे. पाणी चोचीपासून शेपटीपर्यंत सरळ ओघळून जावं, एवढाच हेतू. पाऊस थांबल्यावर शेपटीच्या मुळाशी असलेल्या तेलाच्या ग्रंथीवर चोच घासून तो पिसापिसाला तेल लावत बसतो. तेवढा वेळ समोरच्या पपईकडे बघतही नाही. आधी छत्री, मग जेवण.

पावसाळ्यातल्या ताटाची सगळी कुस्ती ओलीशी असते. सपाट फळी ठेवली तर तासाभरात दाण्यांची पेज होते. फळीऐवजी ३० बाय ४० सेंटिमीटरची लाकडी चौकट घ्यावी आणि तिच्या तळाला डासांची बारीक जाळी ठोकावी. काठ बोटभर उंच, चारही कोपरे उघडे. वर उतरतं छप्पर हवं आणि ते चारही बाजूंनी वीतभर बाहेर काढलेलं हवं. दोन जुनी मंगळुरी कौलं तारेनं बांधली तरी भागतं. पावसाचा वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून ताट घराच्या पूर्वेला, पण पावळीच्या धारेखाली मात्र नको. उंची छातीइतकी, आणि दाट झुडूप दोन मीटरांवर. त्याहून जवळ असेल तर मांजर दबा धरतं, फार लांब असेल तर शिक्रा आल्यावर पाखरांना लपायला जागा उरत नाही. काचेची खिडकी एक तर हातभर अंतरावर असावी, नाही तर दहा मीटर लांब. मधल्या अंतरावरून उडालेलं पाखरू पुऱ्या वेगानं काचेवर आदळतं. मुंग्या चढू नयेत म्हणून काही जण तारेला ग्रीस फासतात. ते पिसांना लागलं की निघत नाही. त्यापेक्षा तारेत मध्येच पाणी भरलेली करवंटी ओवावी. मुंगीला तो खंदक ओलांडता येत नाही.

वाढायचं किती? सकाळी एक मूठ. तांदळाची कणी, नाचणी, बाजरी असं मिळून तीस-चाळीस ग्रॅम, तेही कोरडं. तासाभरात संपेल तेवढंच. कच्चा तांदूळ पोटात फुगून पाखरू मरतं, हा समज खोटा आहे. शिजवलेला भात बिनमिठाचा असेल तर चालतो, पण श्रावणी हवेत तो दुपारपर्यंत आंबतो. शेंगदाण्यांच्या वाटेला मात्र दसऱ्यापर्यंत जाऊ नये. दमट हवेत त्यांच्यावर जी बुरशी धरते तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असतं, ते पाखराचं यकृत खातं, आणि दाणा वरून चांगला दिसत असतानाही ते आत असू शकतं. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, कालचा पाव चुरून टाकणं ही तर आपल्याकडची सर्वांत आवडती चूक. त्यानं पोट भरतं, अंगात ताकद येत नाही, वर मीठ जातं. फरसाण आणि दूध यांचं नावही नको.

फळखाऊंसाठी पपई, केळं, चिकू. पपईचा काप सालीसकट खिळ्याला टोचावा, म्हणजे कावळा अख्खा उचलून नेत नाही. बुलबुल कडेनं कुरतडतात; हिरवा कुटुर्गा मधोमध चोच खुपसतो आणि मान झटकून गर खाली उडवतो. संध्याकाळी उरलेला काप काढलाच पाहिजे. रात्री सांडलेल्यावर उंदीर येतात, उंदरांमागे धामण किंवा नाग येतो. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, भीती असते ती वेगळीच.

ताट धुण्याचा कंटाळा सगळ्यांत महाग पडतो. २००५ पासून ब्रिटनमध्ये ग्रीनफिंच नावाच्या हिरवट पाखरांमध्ये घशाचा एक रोग पसरला आणि त्यांची संख्या फार घटली. तो पसरतो लाळ लागलेल्या दाण्यापाण्यातून. त्याचा जंतू कोरड्यात लवकर मरतो, ओलीत टिकतो, म्हणजे आपला आषाढ त्याला मानवणारच. आठवड्यातून एकदा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी घेऊन घासावं, भरपूर पाण्यानं धुवावं, सुकवावं. पण जुलैत सुकणार कुठे? म्हणून ताटं दोन करायची: एक बाहेर, एक चुलीजवळ. अंग फुगवून, डोळे मिटून, घास गिळता न येणारं पाखरू ताटावर दिसलं तर पंधरवडाभर पंगत बंद ठेवायची.

वैशाखात दाण्यापेक्षा पाणी मोठं. मातीचं खरबरीत परळ, कडेला दोन आणि मध्ये पाच सेंटिमीटर खोल. पाणी रोज बदलावं हे सगळ्यांना ठाऊक असतं. परळ आतून घासावं हे थोड्यांना. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून टाकलं तर ती जागच्या जागी राहतात.

एवढं करूनही परसातली निम्मी पाखरं ताटाकडे फिरकत नाहीत. दयाळ, शिंपी, कोतवाल हे किडे खाणारे. शिंजीर मधाचा, पण पिलांना तोही किडेच भरवतो. त्यांचं ताट म्हणजे जास्वंद आणि न फवारलेली झाडं. आंब्यावरचं बांडगूळ बागाईतदाराच्या डोळ्यांत खुपतं ते बरोबरच आहे, झाड सुकवतं ते. पण आठ सेंटिमीटरचा फुलटोच्या त्याच्याच चिकट फळांवर जगतो आणि बी फांदीला पुसून नवं बांडगूळ लावतो. एखाद्या म्हाताऱ्या आंब्यावर ते राहू द्यायला हरकत नाही.

चतुर्थीला गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी उतरली की तिची पिकली केळी आणि पेरू ताटावर जावेत. नव्याची, म्हणजे नव्या भाताची, कणसं दाराला बांधतात, त्यांतलंच एक जादा वळचणीत टांगावं. मनोल्या, म्हणजे मुनिया, देठाला उलट्या लोंबकळून दाणा सोलतात, आणि खाली पांढऱ्या तुसाचा सडा पडतो.

मग दिवाळीच्या सुमारास नवरंग येतो. तमिळमध्ये त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचं नाव आहे, कारण तांबडं फुटताना आणि दिवेलागणीला तो दोन सुरांची शीळ घालतो. दाणा खात नाही, ताट ओळखत नाही. फणसाखालच्या ओलसर सावलीत टुणटुण उड्या मारत एकेक पान चोचीनं उलटतो आणि खालची गोम, गांडूळ उचलतो. त्या दिवसांत घरोघरी पातेरा गोळा करून पेटवतात. फणसाखालचा तेवढा चैत्रापर्यंत राहू द्यावा.