तोंडातलं गोकुळ

सकाळी बेसिनमध्ये टाकलेली चूळ किंचित गुलाबी दिसणं ही इतकी घरोघरची गोष्ट आहे, की तिच्यापाशी कुणी थांबत नाही. नळ सोडला की संपलं. कुणी विचारलंच तर कारणं तयार असतात: ब्रश नवा आहे, उष्णता झाली असेल, काल चिक्की खाल्ली होती. नाकातून रक्ताचा एक थेंब आला तर घरात कांदा फोडतात, डोक्यावर पाणी थापतात. हिरडीतून रोज येणाऱ्या रक्तासाठी कुणी खुर्चीतून उठतसुद्धा नाही.

कारण ते दुखत नाही. किडलेली दाढ रात्री दोन वाजता उठवून बसवते, स्वयंपाकघरात लवंग शोधायला लावते. हिरडीचा स्वभाव तसा नाही. तिचा आजार वर्षानुवर्षं चालू राहतो, दाताच्या मुळाशी हाड झिजत जातं आणि माणूस भाकरी-खर्डा खाऊन सुखात असतो. दात हलायला लागला की मग "वय झालं आता" असं म्हणून मोकळा होतो. वयाच्या नावावर काय काय खपवतो आपण!

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. पण डेल्फ्ट या डच गावातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानं दात कोरून अख्ख्या शास्त्राचा पाया घातला. त्याचं नाव अंतोनी व्हान लेव्हेनहूक. हा गृहस्थ रोज सकाळी मिठानं दात घासायचा, पिसाच्या काडीनं दाढा कोरायचा, वरून फडक्यानं पुसायचा आणि आपल्या वयाच्या मानानं आपले दात किती स्वच्छ आहेत याचा त्याला भारी अभिमान होता. तरीही फटींमध्ये कणकेच्या खळीसारखं पांढरं काहीतरी उरायचंच. ते त्यानं पावसाच्या पाण्यात कालवलं आणि स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरलं. आत वळवळणारे जीव! मग त्यानं जन्मात कधी दात न घासलेला एक म्हातारा गाठला आणि त्याच्याही तोंडातला नमुना पाहिला. तिथली गर्दी विचारायलाच नको. १७ सप्टेंबर १६८३ रोजी हे सगळं त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवलं. यशोदेनंतर दुसऱ्याच्या तोंडात इतक्या कुतूहलानं डोकावलेला हाच असावा.

माणसाच्या तोंडात राहू शकणाऱ्या जंतूंच्या सातशेच्या आसपास जाती आज माहीत आहेत. एकेका तोंडात त्यातल्या काहीच असतात, पण त्याही जागा वाटून घेतात. जिभेवरचे वेगळे, गालाच्या आतले वेगळे, दात आणि हिरडीच्या खाचेतले तर अगदीच वेगळे, ज्यांना हवाही सोसत नाही. हे गोकुळ भरतं ते आईच्या, आजीच्या, सगळ्या घराच्या उष्ट्यातून. आजी भाताचा घास आधी स्वतःच्या ओठाला लावून गरम आहे का बघते, मग बाळाला भरवते. दंतवैद्य यावर डोळे वटारतात, कारण दात किडवणारा 'स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स' बहुधा असाच पोचतो. पण २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी १८४ बाळांची पाहणी केली, तेव्हा खाली पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात घालून साफ करणाऱ्या आईबापांच्या मुलांमध्ये दीड वर्षाच्या वयात इसब कमी दिसला. आता आजीला काय सांगायचं? तोंडात डोकावण्याची डच हौस तर अजूनही फिटलेली नाही. २०१४ मध्ये तिथल्या मंडळींनी जोडप्यांना चुंबन घ्यायला लावून मोजलं: दहा सेकंदांत सुमारे आठ कोटी जंतूंची देवाणघेवाण.

तर हे सगळे शत्रू नाहीत. पण त्यांना दाताच्या कडेला निवांत साचू दिलं, की थर चढतो, लाळेतला चुना त्यात बसतो आणि त्याचं कीटण होतं. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑरहूस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत एकूण एक हिरड्या सुजल्या. पुन्हा ब्रश हातात घेतल्यावर आठवडाभरात सगळ्या ताळ्यावर आल्या.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे: घासा, नाहीतर भोगा. पण याच लो यांनी १९७० पासून श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० तमिळ मजुरांची तोंडं तपासायला सुरुवात केली. ब्रश किंवा दंतवैद्य त्यांच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. गरीब माणसांची तोंडं पंधरा वर्षं अशी नुसती मोजत राहणं मला बरं वाटत नाही, पण त्यातून जे हाती आलं ते विसरताही येत नाही. कीटण सगळ्यांच्या दातांवर, सूज सगळ्यांच्या हिरड्यांना. तरी साधारण ८ टक्के लोकांचा आजार झपाट्यानं वाढून दात निखळले, ८१ टक्क्यांचा बेताबेतानं वाढला आणि ११ टक्के लोकांचं हिरडीच्या पुढे काही बिघडलंच नाही. मळा तोच, चहा तोच, न घासणंही तेच.

म्हणजे जंतू एकटे गुन्हेगार नाहीत. हाड ते खात नाहीतच. त्यांच्याशी झगडताना आपल्याच शरीराचा दाह ते झिजवतो, आणि हा दाह कुणाचा किती भडकणार हे रक्तातली साखर, तंबाखू, आईबापांकडून आलेला वारसा अशा गोष्टी ठरवतात. त्या आरशात दिसत नाहीत. तंबाखूची चाल तर फारच बेरकी आहे. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त उलट कमी येतं. बारीक रक्तवाहिन्या आक्रसलेल्या असतात, त्यामुळे आतून पोखरणं चालू आणि चूळ मात्र पांढरीशुभ्र. सिगारेट सोडल्यावर रक्त दिसायला लागतं, मग माणूस म्हणतो, सोडली तेच चुकलं.

आमच्या सातारच्या बाजूला तंबाखूनं दंतमंजनाचंच सोंग घेतलं होतं. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठायचा, मग ती चुरून डबीत भरायची. ही मशेरी. बायका उंबऱ्यावर बसून बोटानं ती दातांवर फिरवत राहायच्या, नजर कुठेतरी लांब. आजीच्या पिढीतल्या बाया दिवसातून चार-चारदा दात घासत, आणि हे दातांच्या काळजीपोटी नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण मशेरीच्या डबीला व्यसन म्हणावं असं अजून कित्येक घरांना वाटत नाही. दवाखान्यात बाईला "तंबाखू खाता का?" असं विचारलं, तर ती प्रामाणिकपणे नाही म्हणते. "मशेरी लावता का?" हे वेगळं विचारावं लागतं, विशेषतः ती गरोदर असेल तर.

आता तोंडातलं तोंडातच राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण सुजलेल्या हिरडीची कातडी सच्छिद्र होते. चावताना, घासतानासुद्धा थोडे जंतू रक्तात उतरतात. धडधाकट माणसाचं शरीर त्यांना काही मिनिटांत संपवतं. लहानपणी ऱ्हुमॅटिक तापानं ज्यांच्या हृदयाची झडप खराब झाली आहे, त्यांच्या झडपेवर मात्र ते घर करू शकतात, आणि तो आजार जिवावर बेततो. मधुमेहाचं तर हिरडीशी दुहेरी नातं आहे: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्यांचा दाह वाढला की साखर आटोक्यात राहत नाही. मधुमेह असलेल्यांच्या हिरड्यांवर नीट उपचार केले, तर तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा 'एचबीए१सी'चा टक्का सुमारे ०.४ अंकानं उतरतो असं बऱ्याच चाचण्या एकत्र करून दिसलेलं आहे. आकडा लहान वाटेल, पण साखरेच्या गोळ्यांवर असलेल्यांना विचारा.

बाकीच्या बातम्या मात्र जरा बेतानं घ्याव्यात. तोंडातला फ्युसोबॅक्टेरियम नावाचा जंतू मोठ्या आतड्याच्या गाठींमध्ये सापडला हे खरं. २०१९ मध्ये हिरडीतला एक जंतू अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत सापडल्याचीही मोठी चर्चा झाली, पण त्याच्यावर रोखलेल्या औषधानं दोनच वर्षांत मोठ्या चाचणीत निराशा केली. हृदयविकाराचं आणि हिरड्यांचं एकत्र नांदणं पुन्हा पुन्हा दिसतं, पण एकामुळे दुसरं होतं असं सिद्ध झालेलं नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ मध्ये स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

मी एवढा सावध का? कारण हा उत्साह एकदा भलत्या थराला गेलेला आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरनं मॉन्ट्रियलमध्ये व्याख्यान दिलं, की सोन्याच्या टोप्यांखाली सडणारे दात हे कित्येक आजारांचं मूळ आहे. मग काय, सांधे दुखतात? काढा दात. थकवा येतो? काढा दात. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन नावाचा अधीक्षक वेड बरं करण्यासाठी रुग्णांचे दात उपटायचा. दातांनी भागलं नाही तर टॉन्सिल, मग आतडी. कित्येक माणसं शस्त्रक्रियेनंतर दगावली. त्याची निष्ठा इतकी कडवी, की स्वतःचे आणि पोरांचे दातही त्यानं सोडले नाहीत. तोंड हेच सगळ्याचं मूळ, असं कुणी फार ठासून सांगायला लागलं की मला हा कॉटन आठवतो.

आणि हल्ली जाहिरातीतला तो निळा-हिरवा द्रव, जो तोंडातले जंतू मारतो म्हणे! सगळे मारून कसं चालेल? पालक, बीट, मेथीतलं नायट्रेट रक्तातून लाळेत येतं. जिभेच्या मागच्या भागावरचे जंतू त्याचं नायट्राइट करतात, आणि ते गिळल्यावर शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. हे पहिलं पाऊल आपल्या पेशींना धड जमत नाही, त्यासाठी हे भाडेकरूच लागतात. लंडनमध्ये २०१३ साली १९ निरोगी माणसांना आठवडाभर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं गुळण्या करायला लावल्या, तर रक्तदाब २ ते ३.५ अंकांनी वर गेला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी दिलेलं औषध जरूर वापरावं. पण रोज उठून, नुसती जाहिरात पाहून? साधी खळखळून चूळ मला पुरते.

माझ्या मावशीला मधुमेह आहे. तिच्या जाडजूड फाइलमध्ये दर वर्षी डोळ्याच्या पडद्याचा कागद लागतो, लघवीतल्या प्रथिनांचा लागतो, तळपायाला टोचलेलं कळतं का याची नोंद होते. तोंड उघडायला सांगतात ते घसा बघायला. बॅटरीचा झोत दातांवरून घसरत थेट पडजिभेवर जातो. उलट दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसण्याआधीच फॉर्म भरायचा: साखर आहे का, रक्तदाब आहे का, झडपेचं ऑपरेशन झालंय का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. दाताच्या डॉक्टरांना अख्ख्या शरीराची चौकशी करावी लागते, बाकीच्यांना दातांची करावीशी वाटत नाही. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसीही अपघात सोडला तर दातांना शरीरात धरत नाहीत.

गेल्या तपासणीत मावशी म्हणाली, "डॉक्टर, घासताना हिरड्यांतून रक्त येतं, तेही लिहा ना."

"ते दाताच्या डॉक्टरांना दाखवा, मावशी."

"दाखवलं. त्यांनीच तुम्हाला सांगायला सांगितलंय."

डॉक्टर हसले, आणि फाइल पुन्हा उघडून लिहायला लागले.