महालयात आलेले पितर परत कधी जातात?

सर्वपित्री अमावास्या झाली, की घटस्थापनेच्या गडबडीत पितरांचा विषय मागे पडतो. श्राद्धविषयक ग्रंथांनुसार मात्र ते तेव्हा परत गेलेले नसतात. सूर्य कन्या राशीत गेला म्हणजे यमलोक रिकामा होतो आणि सूर्य वृश्चिकेत येईपर्यंत पितर वंशजांकडून अन्नोदकाची अपेक्षा करतात, अशी श्रद्धा तेथे नोंदलेली आहे. म्हणजे आपली दिवाळी बहुधा त्यांच्या मुक्कामातच येते.

हे लक्षात आले, की धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून लावलेला यमदीप आणि नरक चतुर्दशीचे यमतर्पण एका सूत्रात दिसू लागतात. याच दिवसांतला उल्कादर्शनाचा विधी आज जवळजवळ विसरला गेला आहे, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. पेटती चूड हातात धरून पितरांना वाट दाखवायची आणि म्हणायचे, की यमलोक सोडून जे महालयात आले, त्यांना या उजळ ज्योतीने मार्ग दिसो आणि ते जावोत. पितृपक्षात बोलावलेल्यांना दिवाळीत असा रीतसर निरोप दिला जातो. ठाण्यातल्या उंच इमारतींत चूड पेटवायला अंगण उरलेले नाही. पण घरातल्या मुलांना या मंत्राचा अर्थ तरी सांगावा, असे मला मनापासून वाटते.

आपले हे विधी आणि पाश्चात्त्यांचे मृतांशी जोडलेले सण जवळजवळ एकाच वेळी येतात, त्यामुळे त्यांचे मूळ एकच असावे असे वाटू शकते. २०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, आणि २ नोव्हेंबरला, म्हणजे ख्रिस्ती समाज कबरींवर मेणबत्त्या लावून मृतांसाठी प्रार्थना करतो त्या दिवशी, आपला पाडवा होता. हॅलोविनचे मूळ आयर्लंडच्या साम्हेन या सणात सरसकट सांगितले जाते. मध्ययुगीन आयरिश कथांमध्ये त्या रात्री अद्भुत लोकांच्या टेकड्या उघडतात हे खरे, पण तो मृतांचाच सण होता असे त्यांवरून ठामपणे म्हणता येत नाही. शिवाय हॅलोविन ज्याची पूर्वसंध्या आहे, तो १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस जुन्या आयरिश पंचांगात एप्रिलमध्ये होता. मृतात्म्यांचा २ नोव्हेंबर हा दिवस रूढ करण्याचे श्रेय फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांना दिले जाते, आणि तो काळ इसवी सन १००० च्या आसपासचा आहे.

त्यामुळे या सगळ्यांचे मूळ एकच असावे, हा तर्क मला पटत नाही. ऋतू मात्र दोन्हीकडे बोलतो. तिकडे हिवाळ्याआधी गुरे रानातून परत आणली जात आणि काहींची कत्तल होऊन मांस साठवले जाई; इकडे पाऊस ओसरतो, ठाणे जिल्ह्याच्या खाचरांत हळवे, म्हणजे लवकर पिकणारे, भात कापणीला येते आणि नव्या धान्यातला पहिला वाटा, ज्यांनी ती जमीन आपल्या आधी कसली, त्यांच्यासाठी काढला जातो.