फुटपाथवाल्याचं बिल

अमेरिकेत तेव्हा नवीन सीडी मंगळवारी बाजारात यायची. माल दोन-चार दिवस आधीच दुकानात पोचलेला असे, पण खोकी मागच्या खोलीत बंद. तारखेआधी एक जरी प्रत विकली आणि कंपनीला कळलं, तर पुढच्या वेळी आपला माल हमखास उशिरा येणार.

२००३ साली मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, जमैका अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका छोट्या सीडीच्या दुकानात काउंटरवर होतो. ‘फिफ्टी सेंट’ ह्या रॅपरचा ‘गेट रिच ऑर डाय ट्रायिन’ हा अल्बम मंगळवारी, ११ फेब्रुवारीला यायचा होता. तो आला गुरुवारी, ६ तारखेला. कारण आमच्या दारातच उभं होतं. फुटपाथवर चादर अंथरून एक माणूस त्या अल्बमच्या चोरून काढलेल्या नकला कधीचा पाच डॉलरला विकत होता. अशी माणसं शहरभर होती, म्हणून कंपनीने घाईघाईने तारीखच अलीकडे ओढली. पोस्टरवर छापलेल्या ११ तारखेवर शेठने पांढरी पट्टी चिकटवली आणि वर मार्करने ‘आज’ लिहिलं.

शेठ त्या फुटपाथवाल्याला रोज शिव्या घालायचे. आमच्या काउंटरखाली मिक्सटेपचा, म्हणजे रॅपर आणि डीजेंनी परस्पर काढलेल्या सीडींचा, खोका असायचा, हे ते सोयीस्करपणे विसरत. त्या मिक्सटेपही कुठल्या कंपनीच्या परवानगीने निघत नव्हत्या. पण फिफ्टी सेंटला २००० साली नऊ गोळ्या लागल्यावर पहिल्या कंपनीने वाऱ्यावर सोडलं, तेव्हा त्याला जिवंत ठेवलं ते ह्याच मिक्सटेपनी. त्याला मोठं करणारे बडे रॅपर एमिनेम आणि डॉ. ड्रे नंतर आले. आधी आले चादरवाले.

गोळ्या लागल्या ते साउथ जमैका आमच्यापासून अगदी जवळ. त्यामुळे गुरुवारी सकाळपासून मला त्याचे इतके चुलतभाऊ भेटले, की आमच्या कोकणातल्या भावकीतही इतके निघणार नाहीत. प्रत्येकाला सवलत हवी. ती कुठून देणार? मोठी साखळी दुकानं गिऱ्हाईक आत ओढायला असा अल्बम तोट्यात विकायची. त्यांची विक्रीची किंमत आमच्या खरेदीपेक्षा कमी. आमच्याकडे लोक आले ते केवळ बसस्टॉप जवळ म्हणून, आणि त्यांना तो आत्ताच्या आत्ता हवा होता म्हणून.

एका खोक्यात तीस सीडी. प्रत्येक सीडी चोरीविरोधी प्लॅस्टिकच्या चौकटीतून काढायची, बारकोड मारायचा, पैसे घ्यायचे. शिव्या गाळलेल्या आवृत्तीचा बारकोड वेगळा. कव्हर मात्र जवळजवळ तेच: गोळीने तडकलेली काच, मागे उघडाबंब गायक. दुपारपर्यंत दोन आया परत आल्या. एकीला शिव्यांवाली गेली होती. दुसरीच्या मुलाला बिनशिव्यांची गेली होती आणि तोच जास्त चिडला होता.

गर्दीत आम्ही एक चोरवाट काढली होती. कोणी चार घेतल्या तर एकच बारकोड मारायचा आणि यंत्रावर चारचा आकडा दाबायचा. सगळ्या प्रती एकाच आवृत्तीच्या असल्या तर हिशेब बिघडत नाही. हा हिशेब फक्त शेठचा नव्हता. बारकोडची नोंद विक्री मोजणाऱ्या साउंडस्कॅनकडे जायची आणि त्यावर बिलबोर्ड मासिकाची सर्वाधिक खपाची यादी ठरायची. आठवडा रविवारी रात्री संपायचा, म्हणजे गुरुवारी निघालेल्या अल्बमला चारच दिवस.

चारच्या सुमारास रांगेत तो दिसला. फुटपाथवाला. हातात तीन ओरिजिनल.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला डीव्हीडीचा. सुरुवातीच्या प्रतींबरोबर एक डीव्हीडी फुकट होती, आणि ती त्याच्या चादरीवर नव्हती. आता ह्याची नक्कल काढणार, दुसरं काय! शेठ मागच्या खोलीत होते म्हणून बरं. मी एक सीडी मारली आणि तीनचा आकडा दाबायला बोट नेलं.

“तसं नाही,” तो म्हणाला. “एकेक मार.”

“एकच आहे रे ते. तीनच मोजल्या जातात.”

“असेल. तरी एकेक मार.”

मागे रांग कुरकुरत होती. मी तिन्ही मारल्या. तीनदा टुक झालं. त्याने बिल मागून घेतलं, नीट वाचलं, घडी करून पाकिटात ठेवलं आणि बाहेर जाऊन पुन्हा चादरीमागे उभा राहिला. पाच डॉलर, पाच डॉलर.

त्या चार दिवसांत अल्बमच्या ८,७२,००० प्रती गेल्या. वर्षाअखेरीला अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला अल्बम तोच ठरला. चोरीमुळे धंदा बुडतो, हे मी त्या नोकरीत रोज ऐकत होतो. पुढे तसली दुकानं बुडालीही, त्यामुळे शेठ खोटं बोलत होते असं मला म्हणता येत नाही. पण पोराला गल्लीतून वर चढताना बघणारा तो माणूस स्वतःच त्याचा माल चोरत होता, आणि त्याला आपली तीन मतं यादीत पडायला हवी होती. की मी उगाच इतका विचार करतोय? भाच्यांना भेट द्यायच्या असतील, बदलायला लागल्या तर बिल हवं असेल.

पुढचा आठवडाभर मी जाता-येता त्याच्या चादरीवर डीव्हीडी शोधत होतो. दिसली नाही. विचारायचं धाडसही झालं नाही, कारण माझ्या डिस्कमनमध्ये, म्हणजे खिशातल्या सीडी प्लेअरमध्ये, जानेवारीपासून त्याचीच पाच डॉलरवाली होती. दहाव्या गाण्यावर अडकायची.