कोरोनाच्या वर्षात नगरपरिषदेचं अंदाजपत्रक बसवताना: माझा अनुभव

२०२१-२२ चं अंदाजपत्रक आमच्यापुढे आलं तेव्हा मी नगरसेविका होते, स्थायी समितीवर. आमची क वर्ग नगरपरिषद, म्हणजे नगरपरिषदांतल्या सर्वांत लहान गटातली. जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, १९९९ मध्येच गेली, त्यामुळे पगार राज्याच्या सहायक अनुदानावर आणि बाकीचा गाडा घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि आठवडी बाजाराची फी यांवर. टाळेबंदीत नेमकं हेच आटलं. राज्याकडे हात पसरावा तर ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने तिथेही कात्री लागलेली: विकासकामांना तरतुदीच्या ३३ टक्केच निधी, नवी कामं नाहीत, भरती बंद.

आमच्याकडची रीत अशी की मागच्या वर्षीच्या जमेवर थोडी वाढ धरायची आणि त्या आकड्यात प्रत्येक वॉर्डाचं काम बसवायचं. जमा झाली नाही की ठेकेदारांची देयकं आणि पंपांचं वीजबिल थकतं. मंदीच्या वर्षात असं करणं म्हणजे लोकांची शुद्ध फसवणूक, असं माझं ठाम मत होतं, आजही आहे. म्हणून मी लेखापालांकडे अंदाजाचे तक्ते बाजूला ठेवून वसुलीची रजिस्टरं मागितली. बाजार फीच्या पानावर एप्रिलपासून ओळीने 'निरंक' लिहिलेलं होतं. घरपट्टीत मोठे थकबाकीदार जुनेच. नव्याने थकलेले मात्र चहावाले, सलूनवाले, छोटे गाळेधारक. त्यांना नोटिसा काढून काय हाती लागणार होतं?

आम्ही जमा प्रत्यक्ष वसुलीवरच धरायची ठरवली. जमा खाली आली तशी कामंही गळाली, त्यात माझ्या वॉर्डातली गटारही होती. एक सहकारी चिडले, "ताई, निवडणूक तोंडावर आहे, रस्ता नाही धरला तर लोकांना सांगू काय?" मी म्हटलं, "धरा भाऊ, पण बिल कुठून द्यायचं तेही शेजारी लिहा."

खरी मदत झाली पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या निधीची. त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, पगारासाठी तर तो वापरताच येत नव्हता. मग पाइपलाइन दुरुस्ती आणि घनकचऱ्याचा जमेल तेवढा खर्च तिकडे नेला आणि मोकळा झालेला स्वनिधी, म्हणजे आमची स्वतःची जमा, वीजबिलासाठी राखला. दिव्यांगांच्या ५ टक्के राखीव निधीतून 'यंदापुरतं' काही वळवावं, अशीही सूचना आली. ती मी हाणून पाडली. त्या वर्षी सगळ्यात आधी ज्यांची कमाई थांबली, त्यांच्याच ताटातलं काढायचं?

सभा दूरदृश्य प्रणालीवर झाली. निम्मा वेळ "आवाज येतोय का" यातच गेला, पण अंदाजपत्रक मंजूर झालं. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत बाजार पुन्हा बंद पडला, तरी पाण्याच्या पंपांचं बिल थकलं नाही. गाळेधारकांना भाड्याचे हप्ते पाडून दिले होते. बरेच जण ते भरत गेले, काहींनी मात्र गाळेच सोडले.