यापो ते कैसरिया: पेत्राची दोन दिवसांची वाट

किनाऱ्याने चालायचं म्हटल्यावर आपल्या डोक्यात कोकण असतं: ओहोटी लागली की घट्ट वाळूचा रुंद पट्टा. इथे, इस्रायलच्या किनाऱ्यावर, तसं नाही. येशूचा शिष्य पेत्र यापोहून (तेल अवीवला लागून असलेलं जुनं बंदर) कैसरियाला या रोमी शहरात गेला, त्याच वाटेने आपण जातो. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच, फूटभर. चालण्याजोगी ओली वाळू अरुंद आणि समुद्राकडे उतरती. उत्तरेला निघालो की समुद्र डाव्या हाताला, म्हणून दोन्ही दिवस डावा पाय खाली पडतो आणि आधी त्याच बाजूचा गुडघा बोलू लागतो. मधूनमधून वर पायवाटेवर चढावं. इस्रायलच्या राष्ट्रीय पायवाटेचा पांढरा-निळा-नारिंगी पट्टा दिसला की वाट बरोबर.

अंतर साठेक किलोमीटर. पहिला मुक्काम नेतान्या. तो दिवस लांबचा, तिशीच्या वर. हर्झलियाच्या पुढे वालुकाश्माचे कडे सुरू होतात. ते ढासळतात, त्यामुळे सावलीसाठी त्यांच्या पायथ्याशी बसू नये.

निघण्यापूर्वी यापोत बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय १०, फक्त २३व्या ओवीपर्यंत वाचावा. बहुतेक जण इथेच चूक करतात: अख्खा अध्याय बंदरावरच वाचून टाकतात आणि मग वाटेत नुसतंच चालणं उरतं.

पेत्र ज्याच्या घरी उतरला तो शिमोन मराठी बायबलात ‘चांभार’ आहे. नेमकं सांगायचं तर कातडी कमावणारा. मेलेल्या जनावराला हात लावणारा, म्हणून विटाळाचा धंदा. मराठी वाचकाला यावर टीप लागत नाही. त्या घराच्या धाब्यावर, भर दुपारी, प्रार्थनेच्या वेळी आणि भुकेल्या पोटी पेत्राला दर्शनात आकाशातून उतरणारी चादर दिसते. तीनदा. तिच्यात सगळे प्राणी, यहुद्यांना निषिद्ध असलेलेही, आणि आज्ञा ‘मारून खा’. यहुदी असल्याने तो नाही म्हणतो. दर्शनाचा अर्थ त्याला लागलेलाच नाही, तोच कैसरियाच्या कर्नेल्याची, रोमी सैन्यातल्या शताधिपतीची, माणसं दारात येतात: दोन नोकर, एक शिपाई. कर्नेल्याला दर्शन झालं ते आदल्या दिवशी दुपारी तीनला. म्हणजे ही माणसं एवढी वाट एकवीस तासांच्या आत आली. रात्रीही थांबली नसणार, किंवा घोड्यावर असणार. पेत्र त्यांना आत घेऊन रात्रभर ठेवून घेतो. परराष्ट्रीयांचं, म्हणजे यहुदी नसलेल्यांचं, स्वागत आधी इथे झालं, तेही कातडी कमावणाऱ्याच्या घरात.

दुसऱ्या दिवशी तो यापोचे सहा भाऊ, म्हणजे येशूवर विश्वास ठेवणारे सोबती, बरोबर घेऊन निघतो.

आमचा दुसरा दिवस वीसेक किलोमीटरचा, पण वळशांचा. अलेक्झांडर ओढ्याचं मुख वाळूने बुजलेलं असेल तर नुसते पाय ओले होतात; पावसानंतर फुटलं असेल तर आतल्या पुलाकडे जावं लागतं. हदेराच्या वीजकेंद्राची धुराडी तासन्‌तास समोर असतात, जवळ काही येत नाहीत, आणि आली की किनारा सोडून आत वळावं लागतं. पाणी माणशी चार लिटर.

कैसरियात कर्नेल्याचं घर कुठे होतं, ते दाखवता येत नाही. हेरोदाच्या नाट्यगृहात, वरच्या पायऱ्यांवर बसून २४व्या ओवीपासून पुढे वाचावं. येशूला क्रूसाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पिलात, त्याचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये इथेच सापडला. २८वी ओवी सावकाश वाचावी. धाब्यावर बोलणं खाण्याचं होतं. इथे पेत्र म्हणतो, कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये असं देवाने मला दाखवलंय. चादरीत माणूस नव्हता. जेवणावरून माणसावर तो आला, त्याच्या मधे फक्त पाहुण्यांची एक रात्र आणि ही वाट आहे. आणि एवढं कळूनही तो आधी विचारतो, मला का बोलावलंत?

तो बोलत असतानाच ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरतो, मग त्यांचा बाप्तिस्मा. पण यरुशलेमला गेल्यावर जाब विचारला जातोच, आणि तोही बाप्तिस्म्याचा नव्हे, पंक्तीचा: सुंता न झालेल्यांबरोबर जेवलास? तिथे ते सहा साक्षीदार कामी येतात.

पुढे, इ.स. ४९च्या सुमारास, यरुशलेमच्या सभेत पुष्कळ वाद होऊन परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर सुंतेचं ओझं लादायचं नाही असं ठरलं. चार पथ्यं ठेवली, त्यातली तीन ताटातली: मूर्तीचा नैवेद्य, रक्त, गुदमरवून मारलेलं. अंत्युखियात हाच पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठला, आणि पौल या दुसऱ्या प्रेषिताने त्याला तोंडावर विचारलं. ते गलतीकरांस पत्र, अध्याय २. आम्ही तो परतीच्या गाडीत वाचतो.