ह्याला बटणं कुठायत?

शनिवारी फेरमच्या जत्रेत एका म्हाताऱ्याशी बेंजोवरून हुज्जत घातली. घातली मी एकट्यानेच म्हणा. तो आपला हसत तारा जुळवत होता.

फेरम कॉलेज अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या आमच्या रोअनोकहून तासाभरावर, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी. तिथे दर ऑक्टोबरात ब्लू रिज फोकलाइफ फेस्टिव्हल भरतो. नाव भारदस्त, पण मामला चक्क गावच्या जत्रेचा. खेचरांच्या उड्या, रॅकूनच्या मागे तळ्यातून पोहणारी शिकारी कुत्री, तांब्याच्या कढयांमधून लांब लाकडी दांड्याने ढवळलं जाणारं ॲपल बटर. (बटर नावाला. सफरचंदाचा गर काळपट होईस्तोवर आटवतात. गुऱ्हाळाची आठवण आली आणि पहिला अर्धा तास मी तिथेच काढला.)

संगीताचे मंच आहेतच, पण खरी गंमत गाड्या लावायच्या मैदानाकडे, झाडाखाली. पाच-सहा जण घडीच्या खुर्च्या गोल मांडून बसलेले. एक व्हायोलिन, ज्याला इथे फिडल म्हणतात, एक मँडोलिन, दोन गिटारी, माणसापेक्षा उंच उभा बेस आणि बँजो. माइक नाही, स्पीकर नाही. यातले निम्मे एकमेकांना त्याच सकाळी भेटलेले. तरी कोणीतरी सुरू करतो आणि बाकीचे हळूहळू मिसळतात. मग फिडलवाला नुसती मान उडवतो, की मँडोलिनची पाळी. तिने घेतलं की बाकी सगळे आपापला आवाज खाली आणतात, तिचं झालं की पुढची मान उडते. आलेल्या नवख्याला कोणी विचारत नाही तू कोण, पण पाळी नसताना जोरात वाजवलंस तर बघतात मात्र असं, की माणूस आपोआप गप्प. आपल्या भजनी मंडळात चुकलेल्या टाळाकडे बुवा बघतात ना, अगदी तसं.

तर बँजो. लालबागला वाढलेल्या माणसाला बेंजो म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. टेम्पोत जनरेटर, वर भोंगे, पुढे ढोल-ताशे, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून चिरत जाणारा तो सूर. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा, डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हातात नखी. आणि या म्हाताऱ्याच्या मांडीवर काय, तर डफाला दांडा लावलेला! आमचा बेंजो वेगळा, असं मी त्याला सांगितलं. म्हणाला, असेल.

हे "असेल" मला लागलं. घरी येऊन मी रात्रभर वाचत बसलो आणि आता जाहीर करतो की आमचाच जुना. म्हणजे असं: आपल्या बेंजोचा पूर्वज जपानी, ताइशोगोतो, १९१२ साली नागोयात जन्मलेला. आणि हे ज्याला परंपरा परंपरा म्हणतात ते ब्लूग्रास, म्हणजे त्या झाडाखाली चाललेलं फिडल-मँडोलिन-बँजोचं संगीत? बिल मन्रोच्या ब्लू ग्रास बॉइज या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज १९४५च्या डिसेंबरात आला, अंगठा आणि दोन बोटांनी बँजोच्या तारा गोळीबारासारख्या सोडायला लागला, आणि तिथून आजचं ब्लूग्रास ऐकू यायला लागलं. लालबागचा राजा १९३४चा आहे, एवढंच नमूद करतो.

बँजो हे वाद्य मात्र जुनं. तेही यांचं नव्हे. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांनी भोपळ्यावर कातडं ताणून केलेलं. याच व्हर्जिनियाच्या थॉमस जेफर्सननी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या, १७८०च्या दशकात तसं लिहून ठेवलंय, आणि ते स्वतः गुलामांचे मालक. फेरम ज्या फ्रँकलिन काउंटीत आहे, तिथेच कृष्णवर्णीयांचे मोठे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन गुलाम म्हणून जन्मले. त्या झाडाखालच्या गोलात मात्र सगळे गोरेच होते. हे मला फार खुपलं, आणि खुपण्यात जरा समाधानही मिळालं, खोटं कशाला बोलू.

कारण माझा मामा बेंजो वाजवायचा. १९८२च्या संपात गिरणी गेली आणि सीझनला बेंजो पार्टीत बसायला लागला. मला शिकायचा होता. आई म्हणाली, वाजवायचंच असेल तर पेटी शीक, टेम्पोत बसायचं नाही. दोन वर्षं पेटी शिकलो. मिरवणुकीत मामा दिसला तर मित्रांना मी सांगायचो नाही. आता मी तास-तास गाडी हाकत लोकसंगीत ऐकायला जातो. पण फरक आहे हो. इथे स्पीकर नसतो. आपल्याकडे खिडक्यांची तावदानं हलतात, घरात आजारी माणसं असतात. हातभट्टीसाठी स्वतःला जगाची राजधानी म्हणवून घेणाऱ्या या काउंटीला वारशाचं कौतुक करणं सोपं आहे.

तर त्या दिवशी मी फोनवर मामाचा जुना व्हिडिओ म्हाताऱ्याला दाखवला. भोंगे, गुलाल, सगळं. त्याने फोन कानाला लावून मिनिटभर ऐकलं आणि एकच विचारलं, "सूर कोणता?"

मला काय माहीत. मामाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेअकरा, मामा बनियनवर.

"काळी एक. का रे? काय झालं?"

काळी एक म्हणजे सी शार्प, एवढं मला पेटीच्या कृपेने ठाऊक. सांगितलं, तर अख्खा गोल हसला. ही मंडळी जी, ए, डीमध्ये सुखाने नांदणारी. सी शार्पमध्ये म्हणे कोणी शहाणा वाजवत नाही. म्हाताऱ्याने मात्र खिशातून चाप काढला आणि पहिल्या पडद्यावर आवळला. चाप चारच तारा दाबतो. बँजोची पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांड्याच्या मध्येच, ती तुणतुण्यासारखी सतत एकच सूर धरून राहते. ती त्याने हाताने पीळ देत अर्धा सूर वर नेली. तुटेल या भीतीने तोंड बाजूला करून.

"कोण हा?" मामाने विचारलं.

"बेंजो वाजवतो."

"हा बेंजो? ह्याला बटणं कुठायत?"

"नाहीत मामा."

"मग सूर धरतो कशावर?"

मी फोन म्हाताऱ्याच्या डाव्या हाताकडे वळवला. तो वाजवायला लागला, मामाचं नव्हे, त्याचंच काहीतरी, पण काळी एकमध्ये. मामा काही बोलेना. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"फोन जरा वर धर," तो म्हणाला. "बोटं दिसत नाहीयेत."