शोशोंबरोबर दवाखान्यात

आज आमच्या वॉचमनच्या आईला नैरोबीतल्या एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. सगळे त्यांना शोशो, म्हणजे आजी म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, बीपी आणि गुडघे. मटाटूचा, म्हणजे इथल्या मिनीबसचा, कंडक्टर गाडी पुरती थांबवेल तर शपथ! शोशोंनी माझा खांदा घट्ट धरून एक पाय पायरीवर टेकवला, तोवर गाडी हललीसुद्धा. ऑक्टोबर २०२४ पासून एनएचआयएफ या जुन्या सरकारी आरोग्य विम्याच्या जागी एसएचए ही नवी विमा व्यवस्था आलीय. नोंदणीचा ओटीपी मुलाच्या फोनवर, आणि मुलगा ड्युटीवर. तपासणी फुकट झाली, डॉक्टरही प्रेमळ. पण बीपीच्या गोळ्या संपलेल्या. "बाहेरून घ्या." सत्तरीपुढच्यांना सरकार महिन्याला २००० शिलिंग देतं. त्यात गोळ्या आणायच्या की रोजच्या उगालीसाठी मक्याचं पीठ? पुढच्या वेळी मी सरळ आमची गाडीच काढणार आहे.